कोचचा पाचवा धावपटू कोण, ते विचारा : अमेरिकेतल्या मराठी पालकांना खुले पत्र

नमस्कार मंडळी,

तुमची मुलगी किंवा मुलगा इथल्या हायस्कूलच्या क्रॉस कंट्री (माळरानावरच्या लांब पल्ल्याच्या शर्यती) संघात धावत असेल आणि आता कॉलेजातही धावायचं म्हणत असेल, तर हे पत्र तुमच्यासाठी आहे. मी नॉर्थ कॅरोलायनात, कॅरीला राहते. आमच्या भागातल्या एका शाळेच्या संघाला मी शाळा सुटल्यावर मदत करते. शर्यतीच्या दिवशी घड्याळ आणि पाण्याचे कॅन माझ्याकडे असतात. मंडळाच्या गणपतीत किंवा दिवाळीच्या फराळाला भेटणारे आई-बाबा मला बाजूला घेऊन एकच गोष्ट विचारतात, "अमक्या कॉलेजच्या कोचचा मेल आलाय, कोच चांगला आहे का हो?"

दहावीचं वर्ष संपलं की १५ जूनपासून डिव्हिजन वनच्या, म्हणजे कॉलेज खेळांच्या सगळ्यात वरच्या पातळीच्या, कोचना मुलांशी थेट बोलायची मुभा असते. त्या दिवसापासून फोन वाजायला लागतात आणि घर हरखून जातं. मग आई-बाबा रात्री जागून त्या कोचची माहिती काढतात. माहिती म्हणजे काय, तर त्याच्या सगळ्यात वेगवान धावपटूची सगळ्यात चांगली वेळ. ती वेळ बघून छाती दडपते आणि निर्णय तिथेच झालेला असतो.

माझी कळकळीची विनंती आहे की एवढ्यावर ठरवू नका. कोच किती चांगला, हे त्याच्या पहिल्या नंबरच्या धावपटूवरून फारसं कळत नाही. पाचव्यावरून कळतं. आणि त्याच्याकडे चौथ्या वर्षाला पोचलेली मुलं कशी आहेत, यावरून कळतं.

पाचवाच का? कॉलेजच्या क्रॉस कंट्रीत एका संघाचे सात जण धावतात आणि पहिल्या पाचांचे क्रमांक मोजतात. त्या पाच क्रमांकांची बेरीज ज्याची सगळ्यात कमी, तो संघ जिंकतो. म्हणजे तुमच्याकडे देशातला पहिला धावपटू असला, तरी त्याचा एकच गुण लागणार. पाचवा मुलगा दीडशेवा आला, तर त्या पहिल्याचं काही चालत नाही. २०२२च्या कॉलेजांच्या राष्ट्रीय स्पर्धेत, ओक्लाहोमातल्या स्टिलवॉटरला, नॉर्दर्न अ‍ॅरिझोना आणि ओक्लाहोमा स्टेट या दोन्ही संघांचे पुरुष गटात ८३-८३ गुण झाले. मग नियमाप्रमाणे पहिल्याची पहिल्याशी, दुसऱ्याची दुसऱ्याशी अशी पाचांची गाठ लावली गेली आणि नॉर्दर्न अ‍ॅरिझोनानं ३-२ अशी बाजी मारली. दहा किलोमीटर धावून झाल्यावर विजेतेपद दोन-चार मुलांच्या पुढेमागे येण्यावर ठरलं. ओक्लाहोमा स्टेटचे कोच डेव्ह स्मिथ यांच्या घरच्या मैदानावर झालेली ही हार होती. पुढच्याच वर्षी व्हर्जिनियात त्यांचा संघ अवघ्या ४९ गुणांच्या बेरजेवर जिंकला.

त्याहून बोलकं उदाहरण २०२४चं आहे. विस्कॉन्सिनमधल्या मॅडिसनला झालेल्या स्पर्धेत युटातल्या ब्रिगहॅम यंग विद्यापीठानं, म्हणजे बीवाययूनं, पुरुष आणि महिला दोन्ही विजेतेपदं नेली. महिलांच्या शर्यतीत पहिल्या दहांत बीवाययूची एकही मुलगी नव्हती! तरी संघ पहिला आला, कारण त्यांच्या पाचही जणी एकमेकींच्या जवळ होत्या. त्या महिला संघाच्या कोच दिलजीत टेलर आहेत. नाव वाचून तुम्हाला वाटलं तसंच आहे, त्यांचे आई-वडील पंजाबातून कॅलिफोर्नियात आलेले. आपल्यासारख्याच घरातली ही मुलगी कॅलिफोर्नियातच कॉलेजात धावली, तिथेच कोचिंग शिकली आणि २०१६ मध्ये बीवाययूला आली. २०१९ मध्ये त्यांचा संघ राष्ट्रीय स्पर्धेत दुसरा आला. २०२०ची स्पर्धा कोविडमुळे मार्च २०२१ मध्ये झाली, ती त्यांनी जिंकली. पुन्हा एकदा दुसरा नंबर, आणि मग २०२४. मधल्या वर्षांत मुली शिकून गेल्या, नव्या आल्या, तरी संघ पुन्हा वर आला. एखादीच असामान्य मुलगी हाताला लागली म्हणून असं होत नाही.

आता तुम्ही म्हणाल, पाचवा धावपटू तयार होतो कसा? दिवसेंदिवस सावकाश धावून. आणि याच ठिकाणी चांगला कोच आणि नुसता उत्साही कोच यांच्यात फरक दिसतो.

इथल्या एका कॉलेजचा मंगळवारचा सराव मी कुंपणाबाहेर उभी राहून पाहिला आहे. एक-एक किलोमीटरचे टप्पे होते, मध्ये एक मिनिट हळू जॉगिंग. कोचनं वेळ ठरवून दिली होती, ३ मिनिटं ५ सेकंद. पहिल्या वर्षाचा एक मुलगा तिसऱ्या टप्प्यात सगळ्यांना मागे टाकून २:५५ला आला आणि कौतुकाच्या अपेक्षेनं कोचकडे बघायला लागला. कोच काही बोलला नाही. त्याच्या बोटाच्या टोकातून रक्ताचा थेंब घेतला, हातातल्या छोट्या यंत्रावर लॅक्टेटचा आकडा बघितला, तो त्या मुलालाही दाखवला आणि पुढचे सगळे टप्पे त्याला गटाच्या शेपटाला धावायला लावले. मुलाचा चेहरा उतरला. पण त्या दिवशी सराव संपल्यावर तो गटातल्या इतरांबरोबर गप्पा मारत घरी गेला, लंगडत गेला नाही.

या सरावाला थ्रेशोल्ड म्हणतात. स्नायूंत तयार होणारं लॅक्टेट शरीर जितक्या वेगानं निचरून टाकू शकतं, त्या मर्यादेच्या जरा अलीकडे धावायचं. मर्यादेच्या पलीकडे गेलात की सराव शर्यत होऊन बसतो, दोन दिवस पाय भरून येतात आणि आठवड्याचं गणित बिघडतं. हा विचार नवा नाही. ओरेगन विद्यापीठाचे बिल बॉवरमन १९४८ ते १९७२ या काळात तिथे कोच होते. एक दिवस जड तर दुसरा हलका, हा नियम त्यांनी मुलांकडून इतका कडक पाळून घेतला, की तो आज सगळीकडे गृहीत धरला जातो. आजच्या तरुण कोचांकडे मोजायची साधनं जास्त आहेत. घड्याळ, नाडी, लॅक्टेट, झोप, सगळं मोजता येतं. पण अंगात रग असलेल्या अठरा वर्षांच्या पोराला "आज नको, थांब" म्हणायची ताकद कोणत्या यंत्रात नसते. वर आलेल्या कोचांमध्ये मला सारखा दिसणारा गुण हाच आहे. ते मुलांना आवरतात. मुलं ऐकतातही, कारण ऐकल्यानं आपलं भलं झाल्याचं त्यांनी सीनियर मुलांकडे पाहून अनुभवलेलं असतं.

बीवाययूच्या पुरुष संघाचे एड आयस्टोन यांचं बघा. स्वतः १९८८ आणि १९९२च्या ऑलिम्पिकमध्ये मॅरेथॉन धावलेला माणूस. २००० साली त्याच विद्यापीठात कोच झाले. पुरुषांचं पहिलं राष्ट्रीय विजेतेपद मिळालं २०१९ मध्ये. एकोणीस वर्षं! दरम्यान विद्यापीठानं त्यांना काढलं नाही आणि त्यांनीही घाई केली नाही. आज त्यांचे विद्यार्थी पदवी घेऊनही त्यांना सोडून जात नाहीत. पॅरिस ऑलिम्पिकच्या मॅरेथॉनमध्ये कॉनर मँट्झ आठवा आणि क्लेटन यंग नववा आला, दोघं आयस्टोन यांच्याच हाताखालचे.

आणि तिसरा केनेथ रूक्स. त्याची शर्यत आपल्यापैकी बऱ्याच जणांनी पाहिली असेल, पण बघत होतो दुसऱ्याला. ७ ऑगस्ट २०२४, पॅरिस, ३००० मीटर स्टीपलचेसची, म्हणजे अडथळ्यांच्या शर्यतीची, अंतिम फेरी. आपण सगळे बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्यातल्या मांडव्याच्या अविनाश साबळेसाठी टीव्हीसमोर बसलो होतो. अविनाश ८:१४.१८ वेळ देऊन अकरावा आला. त्याच शर्यतीत रूक्स बराच वेळ मागच्या घोळक्यात राहिला, शेवटच्या फेरीच्या घंटेला एकदम पुढे आला आणि मोरोक्कोच्या अल बक्कालीच्या मागोमाग ८:०६.४१ मध्ये रौप्यपदक घेऊन गेला. त्याच्या आधीच्या सगळ्यात चांगल्या वेळेपेक्षा ही वेळ जवळजवळ नऊ सेकंदांनी कमी होती. अविनाशची स्वतःची सर्वोत्तम वेळ, ८:०९.९१, ही त्या दिवसापर्यंतच्या रूक्सच्या वेळेपेक्षा कितीतरी चांगली होती, हे लक्षात घ्या. एकाच मोठ्या दिवसासाठी मुलाला ताजं ठेवणं हे कोचचं काम आहे आणि आयस्टोन यांनी ते केलं. अविनाशचं मोठेपण यानं तसूभरही कमी होत नाही. तो बारावीनंतर सैन्यात गेला, सियाचीनला राहिला, सैन्याच्या क्रॉस कंट्रीतून पुढे आला आणि अमरीश कुमार यांनी त्याला स्टीपलचेसकडे वळवलं. रूक्सच्या वाट्याला आलं ते कॉलेज, तोच कोच, तोच गट आणि वर्षानुवर्षांचा सलग सराव, हे सगळं एका जागी. तुमच्या मुलांना तशी जागा मिळू शकते, म्हणून ती निवडताना डोळे उघडे ठेवा म्हणते.

उंचीचा मुद्दा लोक हमखास काढतात. नॉर्दर्न अ‍ॅरिझोना विद्यापीठ फ्लॅगस्टाफला आहे, समुद्रसपाटीपासून सुमारे २१०० मीटरवर. आपलं कळसूबाई १६४६ मीटर, म्हणजे ते अख्खं गाव कळसूबाईच्या शिखराच्याही वर वसलेलं. बीवाययूचं प्रोव्हो साधारण महाबळेश्वरच्या उंचीवर. विरळ हवेत राहिलं की शरीर तांबड्या पेशी वाढवतं, हे खरंच आहे. पण नुसत्या उंचीनं संघ होत नाही. जो व्हिहिल कोलोरॅडोतल्या अलामोसाला, अ‍ॅडम्स स्टेट नावाच्या लहानशा कॉलेजात कोच होते. गाव फ्लॅगस्टाफपेक्षाही उंच, पण शेतीवाडीचं, पैसा बेताचा. या माणसानं शरीरशास्त्राचा अभ्यास करून डॉक्टरेट घेतली आणि तिथे १९ राष्ट्रीय विजेतेपदं मिळवली. १९९२ मध्ये त्यांच्या मुलांनी डिव्हिजन टूच्या राष्ट्रीय स्पर्धेत पहिले पाचही क्रमांक घेतले, बेरीज १५, याहून कमी होऊच शकत नाही. पुढे त्यांनीच तयार केलेल्या दीना कॅस्टरनं २००४च्या अथेन्स ऑलिम्पिकमध्ये मॅरेथॉनचं कांस्य जिंकलं. २०२५ मध्ये, पंचाण्णव वर्षांचे होऊन ते गेले. आजच्या कित्येक कोचांच्या बोलण्यात त्यांचं नाव येतं. म्हणून कोचशी बोलताना विचारा, तुम्ही कोणाकडे शिकलात, कोणाच्या हाताखाली उमेदवारी केलीत. चांगला कोच या प्रश्नानं खुलतो. गुरूचं नाव सांगायला ज्याला जड जातं, त्याच्याबद्दल माझं मत फारसं बरं होत नाही.

फ्लॅगस्टाफच्या त्याच विद्यापीठाचे तेव्हाचे कोच माईक स्मिथ यांची वेगळी गोष्ट सांगते, कारण ती आपल्यासारख्या स्थलांतरित घरांना भिडेल. त्यांचा लुईस ग्रिहाल्वा हा धावपटू ग्वाटेमालात जन्मला, वर्षभराचा असताना अमेरिकेत आला आणि डाकाच्या, म्हणजे लहानपणी कागदपत्रांविना आलेल्या मुलांना इथे राहू देणाऱ्या सवलतीच्या, आधारानं इथे राहत होता. टोकियो ऑलिम्पिकसाठी तो पात्र ठरला, पण देशाबाहेर पडला तर परत येता येईल याची हमी नव्हती. स्पर्धेच्या अगदी तोंडावर त्याला परवानगी मिळाली. तो गेला, ५००० मीटरच्या अंतिम फेरीत पोचला आणि बारावा आला. पुढे २०२२ आणि २०२३ अशा दोन्ही जागतिक स्पर्धांत तो चौथा होता. व्हिसाच्या तारखा डोक्यात घेऊन जगणाऱ्या मुलाकडून इतकं करून घ्यायला सरावाच्या वेळापत्रकापेक्षा जास्त काहीतरी लागतं. तुमच्या घरी एच-फोरवरचं, म्हणजे आई-बाबांच्या नोकरीच्या व्हिसावर अवलंबून असलेलं, मूल असेल, तर कोच त्याबद्दल किती शांतपणे ऐकून घेतो, ते जरूर बघा.

मुलींच्या आयांनो, पुढचं नीट वाचा. हे लिहिताना माझा जीव वरखाली होतो.

हायस्कूलमध्ये चौदाव्या-पंधराव्या वर्षी वाऱ्यासारख्या धावणाऱ्या मुली सतराव्या-अठराव्या वर्षी मंदावतात. शरीर बदलतं, बदलायलाच हवं. चांगला कोच ही दोन वर्षं जाऊ देतो. वाईट कोच वजन कमी करायला सांगतो. आमच्या शेजारच्या रॅलेत, एनसी स्टेटला, लॉरी हेनेस आहेत. १९९१ मध्ये त्या स्वतः १०,००० मीटरच्या राष्ट्रीय कॉलेज विजेत्या होत्या, त्याच विद्यापीठाच्या. मग वर्षानुवर्षं तिथेच सहायक म्हणून राबल्या, आणि २०२१, २०२२, २०२३ अशी सलग तीन वर्षं त्यांच्या मुलींनी राष्ट्रीय विजेतेपद आणलं. केटलिन टूही न्यूयॉर्क राज्यात हायस्कूलला असताना देशभर गाजली होती. अशा मुली कॉलेजात विझतात हे सगळ्यांनी इतक्यांदा पाहिलंय की तिच्याबद्दलही लोक तेच बोलत होते. २०२१ला ती राष्ट्रीय स्पर्धेत पंधरावी आली, २०२२ला पहिली. त्या शर्यतीत फ्लोरिडाची पार्कर व्हॅल्बी खूप पुढे निघून गेली होती, टूहीनं तिला शेवटाकडे गाठलं.

आणि मग ती व्हॅल्बी. तिची हाडं फार धावणं सोसत नव्हती, दुखापतींनी ती बेजार झाली होती. कोच विल पामर यांनी तिला आठवड्यातून दोन-तीनच दिवस धावायला लावलं, बाकी सगळा घाम पोहण्यात आणि पायांना धक्का न देणाऱ्या आर्क ट्रेनरवर. इतक्या कमी धावण्यावर राष्ट्रीय विजेती होता येतं, हे कोणी आधी सांगितलं असतं तर मी विश्वास ठेवला नसता. २०२३ला ती जिंकली आणि २०२४ला १०,००० मीटरसाठी पॅरिसला गेली. वहीत लिहिलेल्या मैलांपेक्षा समोरची मुलगी बघणारा कोच असा असतो.

याच्या उलट घडलेलंही तुम्हाला माहीत हवं. २०२१ मध्ये ओरेगन विद्यापीठाच्या काही माजी धावपटू मुलींनी सांगितलं की वारंवार शरीरातली चरबी मोजण्यानं त्यांचं खाणंपिणं आणि मन दोन्ही बिघडलं. २०२३ मध्ये कोलोरॅडो विद्यापीठाच्या चौकशीतही अशाच मोजमापाचा मुलींवर झालेला वाईट परिणाम पुढे आला. दोन्ही नावाजलेले कार्यक्रम, भिंतीवर विजेतेपदांच्या रांगा. त्या रांगा बघून मुली तिथे गेल्या होत्या.

आपल्या घरांत यात आणखी एक भर पडते. पुष्कळ मुली शाकाहारी आहेत आणि पाळीही सुरू झालेली असते. लोह कमी पडतं. घरी हिमोग्लोबिन बघून "ठीक आहे" म्हणतात, पण हिमोग्लोबिन ठीक असतानाही शरीरातला लोहाचा साठा, म्हणजे फेरिटिन, तळाला गेलेला असू शकतो. मुलगी दमते, वेळा घसरतात, आणि आपण म्हणतो अभ्यासाचा ताण आहे. आमच्या संघातली एक मुलगी संकष्टीचा उपास धरून लाँग रनला आली होती, घरी कोणाला त्यात वावगं वाटलं नाही. उपास सोडा असं मी म्हणत नाही. त्या दिवशी जड सराव असू नये, एवढंच. आणि हे समजून घेणारा कोच पाहिजे. कॉलेजच्या कोचला सरळ विचारा, फेरिटिनची तपासणी वर्षातून किती वेळा करता, आहारतज्ज्ञ आहे का, मुलीची पाळी थांबली तर तुम्हाला ती कोणाकरवी सांगते आणि पुढे काय होतं? ऑलिम्पिक समितीनं २०१४ मध्येच कमी खाण्यानं खेळाडूच्या हाडांवर, पाळीवर आणि मनावर होणाऱ्या परिणामांना रेड-एस असं नाव दिलं. ते नाव ज्या कोचला ठाऊक नाही, त्याच्याकडे मुलगी सोपवू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

चौथ्या वर्षाच्या मुलांचं आता. कोणत्याही संघाच्या वेबसाइटवर मागच्या वर्षांच्या याद्या असतात. चार वर्षांपूर्वी पहिल्या वर्षाला जी आठ-दहा नावं होती, त्यातली आज किती आहेत ते बघा. जी आहेत त्यांची वेळ दर वर्षी थोडी थोडी सुधारली का? जी गेली ती दुसऱ्या कॉलेजात गेली, की धावणंच सोडलं? संध्याकाळी तासाभराचं काम आहे. आपल्यातले निम्मे लोक दिवसभर हेच करतात, आकड्यांच्या याद्या चाळतात, त्यामुळे जमणार नाही असं कोणी म्हणू नये. बाहेरून तयार, वयानं मोठे धावपटू आणून एका वर्षात वर आलेला संघही या याद्यांत लगेच ओळखू येतो. परदेशातून मुलं येणं वाईट नाही, आपणही परदेशातूनच आलो. पण असा कोच तुमच्या सतरा वर्षांच्या मुलाला घडवू शकतो का, हे त्या विजयावरून कळत नाही.

२०२५च्या उन्हाळ्यापासून एक नवी अडचण आली आहे. कॉलेज खेळाडूंच्या मोबदल्यावरून झालेल्या हाउस खटल्याच्या तडजोडीनंतर, ती स्वीकारणाऱ्या विद्यापीठांत क्रॉस कंट्रीच्या संघात सतराच जण ठेवता येतात. पूर्वी तीस-पस्तीस मुलं संघाबरोबर धावायची, त्यातली काही तिसऱ्या वर्षी उमलायची. हळूहळू पिकणाऱ्या मुलाला आता जागा मिळणं अवघड झालं आहे, आणि आपली बरीच मुलं तशीच उशिरा पिकणारी आहेत असं माझं निरीक्षण आहे. म्हणून डिव्हिजन थ्रीकडे कमी दर्जाचं म्हणून बघू नका. तिथे खेळासाठी शिष्यवृत्ती मिळत नाही, हे खरं. पण एमआयटीच्या मुलींनी २०२४-२५ मध्ये डिव्हिजन थ्रीची क्रॉस कंट्री, इनडोअर ट्रॅक आणि आउटडोअर ट्रॅक अशी तिन्ही विजेतेपदं जिंकली. एमआयटी म्हटल्यावर आपल्या मंडळींचे कान टवकारतात, तर तिथली ही बातमीही त्यांना कळू दे. जॅक डॅनियल्स यांच्या वेगाच्या तक्त्यांवर आज जगभर लोक सराव करतात, त्यांनीही न्यूयॉर्क राज्यातल्या कॉर्टलंडच्या सरकारी कॉलेजात डिव्हिजन थ्रीच्याच मुलामुलींना शिकवून राष्ट्रीय विजेतेपदं मिळवली.

कोच बदलतात, तेही ध्यानात असू द्या. माईक स्मिथ यांनी २०२४ मध्ये नॉर्दर्न अ‍ॅरिझोना सोडलं आणि ते फ्लॅगस्टाफमध्येच नायकेच्या व्यावसायिक संघाकडे गेले. त्यांच्यासाठी तिथे आलेली मुलं तिथेच होती. त्यामुळे हा कोच उद्या गेला, तरी हेच कॉलेज, हाच विषय, हेच गाव तुमच्या मुलाला आवडेल का, हे कोचला नाही, मुलाला विचारा. आणि ऐका.

मुलं कॉलेज बघायला जातील, तेव्हा संघातल्या दुखापतग्रस्त मुलाशी किंवा मुलीशी बोलायला सांगा, कोच आसपास नसताना. पहिल्या नंबरच्या मुलाशी भेट कोच स्वतःच घालून देईल. दुखापत झालेली मुलगी सरावाला येते का, तिला कोणी फोन करतं का, परत यायची घाई झाली का, हे तिच्याकडून कळेल. घरी आल्यावर कोचला मेल लिहा आणि त्यात सतरा जणांच्या यादीत पहिल्या वर्षाच्या मुलाची जागा कशी ठरते, आणि वर्षभर दुखापत असली तर ती राहते का, हे लेखी विचारा. आपल्याकडे कोचला असं विचारणं उद्धटपणाचं वाटतं. इथे तसं नाही, चांगले कोच दुसऱ्याच दिवशी सविस्तर उत्तर पाठवतात. ते उत्तर मुलाबरोबर बसून वाचा. काही अडलं तर मला विचारा, मी शनिवारी सकाळी शर्यतीच्या मैदानावर असते, पाण्याच्या कॅनपाशी.

आपली,
कॅरीतली एक धावपटूंची मावशी